इंजिनाची पहिली आंघोळ

दसऱ्याला गाडीला हार सगळेच घालतात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पुढच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. पण दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला इंजिनाला तेल-उटणं लावणारं घर पुण्यात आमचं एकच असावं. दुसरं कुठे असेल तर मला जरूर कळवा, मी स्वतः भेटायला जाईन.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे या वैशाखात मी बिबवेवाडीला दादाकडे राहायला गेले होते. दरवर्षी जाते. त्याचा बंगला जुना, अंगणात ऊन भरपूर, कुरडया तिथे खडखडीत वाळतात. रिक्षातून उतरले, फाटक ढकललं, तर समोर पोर्चमध्ये लोखंडी घोडीवर ते इंजिन. इतकी वर्षं जिन्याखाली अंधारात होतं, ते बाहेर काढलेलं. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचा थर बसून त्याच्या डोक्यावर लाखेसारखा टिळा झाला होता. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि आधी त्याला हात लावला. गार होतं. बाहेर वैशाख पेटलेला आणि ते आपलं गार.

“आत्या, आधी घरात तर ये,” आतून मिलिंद ओरडला. मिलिंद म्हणजे दादाचा मुलगा. कंपनीतून लवकर निवृत्ती घेतलीय आणि आता आजोबांची गाडी परत पूर्वीसारखी करायचं मनावर घेतलंय.

आजोबांची गाडी म्हणजे आमच्या अण्णांची. अण्णा गुळाचे अडते. शेतकऱ्याचा गूळ यायचा, अण्णा तो बोली लावून विकून द्यायचे. घर नारायण पेठेत. ती गाडी आली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबच लांब अमेरिकन गाडी. खाली निळी, वर दुधी. कुणाकडून आली, गुळाच्या माणसाला ती का घ्यावीशी वाटली, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि पुढे विचारायचं राहून गेलं. आमच्या समोर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांनी गॅलरीतून गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाले, “छान आहे हो अण्णा. आता हिच्यासाठी एक गाव घ्या.”

खोटं नव्हतं ते. गाडी गल्लीत शिरायची, पण वळायची नाही. रोज उलटी बाहेर काढावी लागायची. आम्ही पोरं मागे उभी राहून “येऊ द्या, येऊ द्या” करायचो. भाजीवाली टोपली घेऊन ओट्यावर चढायची, सायकलवाले भिंतीला चिकटायचे. आणि दादा, तेव्हा नुकती मिशी फुटलेला, इस्त्रीचा शर्ट घालून, मागे न बघता गाडी काढायचा. मागे न बघता! अण्णा म्हणायचे, “अरे, मान वळव.” तर तो म्हणायचा, “ऐकू येतं ना मला. भिंत जवळ आली की आवाज बदलतो.”

त्या आवाजाचं काय सांगू! सकाळी दादा गाडी सुरू करायचा तेव्हा आमच्या फडताळातल्या कपबशा आधी थरथरायच्या आणि मग आवाज कानावर यायचा. मोठा नव्हता. खोल होता. मांडीवर मांजर घेतलं की ते पोटात गुरगुरतं ना, तसा, फक्त मांजर म्हशीएवढं. आई चहा गाळता गाळता म्हणायची, “उठलं वाटतं तुमचं जनावर.”

आणि कात्रजचा बोगदा. जुना घाट, जुना बोगदा. साताऱ्याकडे मावशीकडे निघालो की घाट लागल्यापासून आमचं सुरू व्हायचं, “दादा, बोगद्यात दाब हां, दाब!” आई “अजिबात नाही” म्हणायची आणि पदराने कान झाकून तयारही राहायची. बोगद्याच्या तोंडाशी गार, ओलसर, वटवाघळांच्या वासाचा वारा यायचा. आत शिरलं की दादा पाय दाबायचा, आणि तो आवाज दोन्ही भिंतींवरून, वरच्या दगडावरून आमच्यावर कोसळायचा. आम्ही किंचाळायचो ते स्वतःलाच ऐकू यायचं नाही. पलीकडच्या उजेडात बाहेर पडलो की सगळे गप्प. मग अण्णाच हळूच म्हणायचे, “येताना जरा आणखी दाब.”

मग पेट्रोलचं काहीतरी झालं. मोठी माणसं जेवताना हळू आवाजात बोलायला लागली, गाडी आठवडा आठवडा जागची हलेना, आणि एक दिवस शाळेतून आले तर तिचं इंजिन काढलेलं. त्या दिवसांत बऱ्याच मोठ्या गाड्यांचं हेच झालं. पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि टेम्पोचं जुनं डिझेल इंजिन आत बसवायचं. आमचीही तशी झाली. निळी, दुधी, चकचकीत, आणि सुरू केली की खडी दळल्यासारखा आवाज. पहिल्या सकाळी हेडमास्तर गॅलरीत आले, डावीउजवीकडे बघितलं आणि विचारलं, “अण्णा, टेम्पो कुठे लावलात?”

त्यानंतर बोगद्यात “दाब” असं कुणी म्हणालं नाही. काचा वर करून घ्यायचो.

काढलेलं इंजिन अण्णांनी विकलं नाही. मार्केट यार्डात आमचा गाळा होता, तिथे हमालांनी ते हातगाडीवरून नेलं आणि मागच्या भिंतीशी लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. तिथे गुळाच्या ढेपी रचलेल्या असायच्या, गोणपाटाचा वास, पाघळलेल्या गुळाचा वास, माश्या आणि गांधीलमाश्यांचं अखंड गुणगुणणं. त्यात हे लोखंडाचं धूड. हमाल दुपारी त्यावर डबे ठेवायचे. गंगाराम नावाचा एक होता, तो डबा उघडताना पहिला घास त्याच्यापुढे धरून म्हणायचा, “घ्या पावणं, तुमीबी घ्या.” अण्णा रागवायचे नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “राहू दे. पेट्रोलचं जमलं की परत बसवू.”

पण नुसतं ठेवून दिलं की इंजिन आतून गंजतं, जाम होतं. म्हणून अण्णा वर्षातून एकदा त्याच्या आठही प्लगच्या भोकांत मोटारीचं तेल ओतायचे, पुढच्या नटाला लांब पाना लावायचे आणि हाताने ते हळूहळू फिरवायचे. कधी करायचं हे लक्षात राहावं म्हणून दिवस धरला होता दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा. घरी बंबातल्या पाण्याने आमच्या आंघोळी व्हायच्या, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून व्हायचं, आणि चकलीचा पहिला घास तोंडात असतानाच अण्णा यार्डात निघायचे. आई म्हणायची, “निघाले थोरल्याला न्हाऊ घालायला.”

अण्णा गेले आणि ते काम दादाकडे आलं. पुढे गाळा गेला, दादाने बिबवेवाडीला घर केलं, इंजिन जिन्याखाली आलं, आणि ती टेम्पोच्या आवाजाची गाडीही कधीतरी बंद पडून मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. त्याच सुमारास दादाचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. त्याला ती भोकं दिसेनात तेव्हापासून तेल घालायला वहिनी बसू लागली.

सुलभावहिनी. माझ्या वहिनीने कुठलंही काम नुसतं काम म्हणून केलं नाही. पहिल्या आंघोळीला आपण तेल घालतो, म्हणजे ती आंघोळच, असा तिचा सरळ हिशोब. ती आधी इंजिनाला टिळा लावायची, निरांजनाने ओवाळायची, अक्षता टाकायची, बोटभर उटणं त्याच्या डोक्याला चोळायची आणि मग वाटीतलं तेल एकेका भोकात सोडायची. दादा पाना धरून उभा. ती विचारायची, “अहो, फिरतंय ना?” आणि दादा म्हणायचा, “फिरतंय, फिरतंय.” आम्ही सगळे भिजल्या केसांनी जिन्यात बसून हसायचो. मिलिंद लहान होता, तो म्हणायचा, “आई, त्याच्या कानामागे राहिलं.”

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर इंजिनाची आंघोळ झाली नाही. दादाने पाना मागितला नाही, कुणी आणून दिला नाही. खरं सांगायचं तर वहिनी गेल्यापासून दादाने तिचा विषयच काढला नव्हता. चांगला नाही, वाईट नाही. आम्ही काढला तर उठून रेडिओ लावायचा.

तर आता या वैशाखातलं.

गाडी रंगून तयार होती. मिलिंदने जुन्या फोटोवरून रंग जुळवून आणला होता. त्याने दादाचा हात धरून गाडीच्या अंगावरून फिरवला. “बाबा, ओरिजिनल शेड आहे. खाली निळा, वर दुधी.”

“सुरेख,” दादा म्हणाला. “पोपटी सांगितलं असतंस तरी सुरेखच म्हणालो असतो.”

इंजिनाचं मात्र घोडं अडलं होतं. काम करणारे शिंदे, जवळच गॅरेज आहे त्यांचं, पन्नाशीचे, अखंड बोलणारे. त्यांनी पाना लावून बघितलं, इंजिन तसूभर हलेना. मिलिंदच्या डोक्यात दुसरा विचार होता. बाहेरून नवीन इंजिन मागवायचं. “बाबा, फुल वॉरंटी. एकदम स्मूथ. बॉनेट बंद केलं की आवाजच येत नाही.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“म्हणजे मला दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही,” दादा म्हणाला. “अशी गाडी माझ्याकडे आत्ताही आहे. खर्च कशाला करतोस?”

पोरगा वाईट नाही. पण शिंद्यांनीच सांगितलं होतं की जास्त जोर लावला तर आतलं काहीतरी तुटेल. मग येत्या रविवारपर्यंत बघायचं आणि नाहीच हललं तर नवीन मागवायचं, असं ठरलं. जुनं कुठे जाणार, हे कुणी बोललं नाही. फाटकावरून भंगारवाला रोज ओरडत जातोच.

दुसऱ्या दिवशी शिंद्यांनी प्लग काढले. मी कुरडया परतत होते. “मावशी, जरा इकडे या,” ते म्हणाले. त्यांच्या पेचकसाच्या टोकावर तपकिरी, चिवट, मेणासारखं काहीतरी होतं. “हे इंजिनातलं तेल नव्हे. आपल्याला काय कळेना झालंय. वास बघा.”

मी वाकले. आणि तिथल्या तिथे, भर उन्हात, मला दिवाळीची पहाट आली. नागरमोथा, कपूरकाचरी, गुलाबकळी. आणि खाली, जुनाट, खवट, पण ओळखू येणारं खोबरेल.

आता लक्षात आलं. अण्णांचा मोटारीच्या तेलाचा काळा डबा वेगळा असायचा. वहिनीने तो कधी घेतलाच नव्हता. पोरांच्या अभ्यंगाचं, उटणं कालवलेलं, वाटीत उरलेलं तेल, तेच ती इंजिनाला घालत आली. घरातल्या सगळ्यांना एका वाटीतलं, मग त्याला वेगळं का? आणि दादाला तर दिसतच नव्हतं.

“काय झालं?” दादा पोर्चमधल्या खुर्चीवरून म्हणाला.

खोटं बोलून उपयोग नव्हता, त्याचे कान भारी. “खोबरेल आहे दादा. वहिनीचं.”

त्याने काठी चाचपली. मग एकदम उसळला. “तिला डबा दाखवला होता मी! हातात देऊन सांगितलं होतं. अण्णांनी सांभाळलं, मी सांभाळलं, आणि हिने केसांना लावायचं तेल ओतलं? आणि मी तिथेच उभा राहून फिरतंय, फिरतंय करतोय! वास येत होता मला, तर वाटलं हिच्या हातांचा येतोय.”

काठी घेऊन तो आत गेला. इतक्या वर्षांनी वहिनीबद्दल बोलला, तो हे बोलला. दुपारी पानावर बसला, पण आमरसाची वाटी तशीच ठेवली. आमच्या दादाने आमरस ठेवला म्हणजे काय ते आमच्या घरच्यांनाच कळेल.

मला इंजिनाचं फारसं काही नव्हतं. पण ते भंगारात गेलं असतं तर दादाच्या मनात वहिनीच्या नावापुढे कायमचं तेच राहिलं असतं. तिने घालवलं. बाकीचा सगळा संसार एका बाजूला आणि ती वाटी एका बाजूला.

शिंद्यांनी भोकांतून रॉकेल सोडलं, डिझेल सोडलं, पान्याला पाइप अडकवून मिलिंदसकट दोघं लोंबकळले. नाही. शनिवारी दुपारी चहा पिताना शिंदे म्हणाले, “मिलिंदसाहेब, मी सांगतो, मागवा तुम्ही नवं.”

दादा बशीतला चहा फुंकत होता. फुंकायचा थांबला. “ऊन कुठे आलंय गं आत्ता?” त्याने मला विचारलं.

“अंगणात. कुरडयांवर.”

“दिवाळीत तुझी वहिनी खोबरेलाची बाटली कठड्यावर ठेवायची उन्हात. आठवतंय? थिजलेलं असायचं. ती ओरडायची माझ्यावर, कठड्याला धक्का लावू नका म्हणून.” मग शिंद्यांच्या दिशेने तोंड करून म्हणाला, “तिचं तेल आहे ना? मग तिच्या पद्धतीने वितळवा. ठेवा त्यालाही उन्हात.”

शिंदे हसले. “काका, इंजिन आहे ते. पापड नाही.”

“तुमच्या पद्धतीने हललं का?”

शिंद्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि घोडी ढकलायला उठले. माझी कुरडयांची चादर सरकवून इंजिन अंगणाच्या मधोमध आलं. नुसत्या उन्हावर शिंद्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्याकडून कुरडयांच्या चिकाचं मोठं पातेलं मागून घेतलं, त्यात पाणी उकळलं आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटेने आत सोडलं. निवालं की पुन्हा कढत. मी आपली चुलीशी बसल्यासारखी गॅसपाशी. म्हटलं, बंबातलं पाणी काढायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. लोखंड हात लागू देईना एवढं तापलं. भोकांतून आधी वास आला, मग तेलाचा एक काळपट ओघळ बाजूने उतरला.

शिंद्यांनी पाना लावला. पण जोर लावायच्या आधीच दादा काठी टेकत टेकत खाली उतरला होता. “मला द्या.”

त्याने पाना धरला. हातांच्या शिरा वर आल्या. काहीच झालं नाही. मग आत कुठेतरी कट्‌ असा बारीक आवाज झाला, आणि दादाचे हात बोटभर खाली गेले. नंतर वीतभर.

माझ्या तोंडून निघून गेलं, “फिरतंय ना रे?”

दादाने मान माझ्याकडे वळवली. म्हणाला, “फिरतंय, फिरतंय.”

त्या रात्री आमरसाच्या दोन वाट्या झाल्या.

पुढचं काम सावकाश झालं. मी कुरडया बांधून नारायण पेठेत परत आले होते, पण फोन यायचे. शिंद्यांनी रिंगा बदलल्या, काय काय घासलं, पुसलं. कार्बोरेटर उघडला तर आतून तांदळाचे दाणे निघाले. वहिनीच्या अक्षता, घरंगळत आत गेलेल्या. शिंदे मला फोनवर म्हणाले, “मावशी, मूठभर आहेत. खिचडी लावता का?” दादाने ते दाणे टाकू दिले नाहीत म्हणे. डबीत घालून ठेवलेत.

गाडी सुरू करायच्या दिवशी मला बोलावलं. शेजारचे दोघंतिघं आले होते. दादा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीच्या मागे खुर्ची टाकून बसला, मी त्याच्या शेजारी. मिलिंदने किल्ली फिरवली. घरघर झाली आणि थांबली. पुन्हा. पुन्हा थांबली. दादा म्हणाला, “घाई करू नको, खूप दिवसांनी उठतंय.” तिसऱ्या खेपेला ते उठलं.

मी कपबशांकडे बघितलं. अंगणातल्या स्टुलावर चहाचा ट्रे ठेवला होता. कपबशा आधी थरथरल्या.

तोच आवाज. पोटातला. दादाने डोळे मिटून घेतले. मिटायची काही गरज नव्हती, पण मिटले. एक हात त्याने गाडीच्या पाठीवर ठेवला होता आणि ओठ हलत होते, बहुतेक आठ मोजत होता. मला वाटलं, आता हा म्हणणार, कात्रजला चला.

तेवढ्यात धूर आला. पांढरा, दाट, सगळ्या अंगणात. शेजारचे खोकायला लागले. शिंदे धावत आले, “काही नाही, काही नाही! धुराच्या नळीच्या वाटेत जुनं तेल चिकटलेलं असणार थोडं. पाच-दहा मिनिटांत जळून साफ होईल.”

आणि त्या धुराला वास होता. तापलेलं खोबरेल, कपूरकाचरी, गुलाब. पहाटेचा अंधार, बंबाचा धूर, पाटावर बसलेली पोरं, आणि ओल्या केसांची वहिनी वाटी घेऊन जिन्याखाली वाकलेली. भर दुपारी, बिबवेवाडीत. मी दादाकडे बघितलं. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्याची मान आवाजाकडून धुराकडे वळली होती.

“बंद कर,” तो म्हणाला.

मिलिंदला ऐकू गेलं नाही. दादाने गाडीच्या पाठीवर थाप मारली. “मिलिंद! बंद कर ते!”

इंजिन थांबलं. मिलिंद घाबरून खाली उतरला. “काय झालं बाबा? काही मिस होतंय का? इतकं मस्त चाललं होतं.”

“मस्तच चाललं होतं.”

“मग?”

“सगळं आजच जाळून टाकायचं का?” दादा म्हणाला. “उरलेलं दिवाळीला.”